पदरचं वाक्य: ‘उत्स्फूर्त’ म्हणजे काय आणि ते करायचं कसं

एकांकिका स्पर्धांचे फॉर्म निघाले की दादरच्या आमच्या शनिवारच्या तालमीला नवी मुलं येतात. कुणी डोंबिवलीहून, कुणी विरारहून, एखादी नोकरीसाठी नुकतीच सांगलीहून आलेली. त्यातल्या निम्म्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “दादा, आम्हाला इम्प्रोव्ह करायचंय.” म्हणजे नेमकं काय करायचंय, असं विचारलं की जरा शांतता. मग एक जण धीर करून सांगतो, “म्हणजे… पाठांतर नको.”

हा लेख त्यांच्यासाठी. मी नट नाही. गिरणगावातल्या एका हौशी संस्थेत बारा वर्षं प्रॉम्प्टर होतो. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, हातात बॅटरी, आणि समोरचा अडला की त्याचं वाक्य कुजबुजायचं. संहितेत नसलेली वाक्यं कशी जन्मतात आणि पुढं काय काय गोंधळ घालतात, ते त्या स्टुलावरून जेवढं दिसतं तेवढं पहिल्या रांगेतूनही दिसत नाही.

पायरी 1: आधी शब्द उघडून बघा

उत् म्हणजे वर, स्फूर्त म्हणजे स्फुरलेलं. आतून उसळून वर आलं ते उत्स्फूर्त. शुद्धलेखन इथंच उरकून घेऊ, कारण कॉलेजच्या फलकांवर ‘उस्फुर्त’ आणि ‘उत्स्फुर्त’ दोन्ही वाचून डोळे दुखतात. स्फुरण ऱ्हस्व, स्फूर्ती दीर्घ, आणि उत्स्फूर्त हा स्फूर्तीच्या घरातला, म्हणून त्याचाही ‘फू’ दीर्घ. ‘त्स्’ तोंडात बसत नाही म्हणून तो गिळायचा नाही.

आता अर्थ. हा शब्द ‘कुठून आलं’ ते सांगतो: आतून आलं, कुणी सांगितलं नाही, कुणी भाग पाडलं नाही. तयारी होती की नव्हती, याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. ‘बंदला उत्स्फूर्त प्रतिसाद’ ही वर्तमानपत्री ओळ आठवा. तिथं म्हणायचं असतं की लोकांनी आपणहून दुकानं बंद ठेवली. (आदल्या रात्री चार पोरं येऊन “उद्या शटर खाली ठेवा हं, शेठ” असं सांगून गेलेली असली तरी ओळ तीच छापून येते, ही गोष्ट वेगळी.)

इंग्रजीतून आलेले शब्दही आपण रोज वापरतो आणि सगळे एकाच गोणीत भरतो. ते जरा वेगळे करून ठेवा. ‘एक्स्टेंपोर’चं मूळ लॅटिन: त्या वेळेतून, तिथल्या तिथं. ‘ॲड लिब’ हे ‘ॲड लिबिटम’चं तोडलेलं रूप, म्हणजे मर्जीप्रमाणे, मनाला येईल तसं. ‘इम्प्रोव्हाइज’च्या मुळाशी आधी न दिसलेलं, अनपेक्षित असं काहीतरी आहे. आणि माझा लाडका ‘इम्प्रॉम्प्टू’: लॅटिनमधल्या ‘इन प्रॉम्प्टू’वरून आलेला, अर्थ ‘हाताशी असलेलं, तयार’. होय, तयार! विंगेत बसून मी जे प्रॉम्प्टिंग करायचो, त्याचाच हा सख्खा चुलतभाऊ. शूबर्टनं 1827 मध्ये पियानोसाठी आठ रचना लिहिल्या, त्यांना ‘इम्प्रॉम्प्टू’च म्हणतात आणि त्यातला प्रत्येक स्वर कागदावर लिहिलेला आहे. ऐकणाऱ्याला वाटावं की वादकाला आत्ताच सुचलं, एवढंच.

म्हणून ‘पाठांतर नको’ हा अर्थ या घराण्यातल्या एकाही शब्दाच्या मुळात नाही.

पायरी 2: कुठं कोणता शब्द

मराठी नाटकवाले तालमीत ‘उत्स्फूर्त’ म्हणत नाहीत. संहितेत नसलेलं, नटानं स्वतः घातलेलं वाक्य म्हणजे त्यांच्या भाषेत ‘ॲडिशन’. “काल दुसऱ्या अंकात त्यानं भारी ॲडिशन घेतली.” घेतली, बरं का, केली नाही. जुनी मंडळी ‘पदरचं वाक्य’ म्हणतात. दिग्दर्शक तापला की “पदरचं घालू नकोस” असं ओरडतो, आणि तेच वाक्य प्रयोगात हशा घेऊन गेलं की “राहू दे ते” असंही तोच म्हणतो. ‘इम्प्रोव्ह’ हा शब्द मुळात संहिताच नसलेल्या खेळासाठी राखून ठेवावा, असं माझं मत आहे. ती शाखा शिकागोकडची. व्हायोला स्पोलिन यांनी मुलांना शिकवताना रचलेल्या नाट्यखेळांतून ती वाढली, आणि त्यांचा मुलगा पॉल सिल्स हा 1959 मध्ये तिथं सुरू झालेल्या सेकंड सिटीच्या संस्थापकांपैकी एक. आता अंधेरी-वर्सोव्याकडच्या छोट्या जागांमधून हिंदी-इंग्रजीत असले खेळ होतात, त्याला इम्प्रोव्हच म्हणा, उगाच ‘उत्स्फूर्त नाट्य’ म्हणून घाम काढू नका.

गाण्यात शब्द आहे ‘उपज’. उपजणे म्हणजे जन्मणे, उगवणे. रागाच्या आणि तालाच्या चौकटीत त्या क्षणी उगवलेली जागा ती उपज. तबल्यातही चालतो. तमाशात गण आणि गवळणीनंतर, वग (म्हणजे मुख्य कथानाट्य) सुरू व्हायच्या आधी, सोंगाड्याची जी जुगलबंदी चालते ती ‘बतावणी’. तिथल्या तिथं कविता रचणारा ‘शीघ्रकवी’. पटकन चोख उत्तर देणारा ‘हजरजबाबी’, मात्र हे माणसाचं विशेषण आहे, प्रयोगाचं नव्हे. ‘ऐनवेळी’ हा शब्द फक्त घड्याळ सांगतो. सोसायटीच्या वार्षिक सभेच्या नोटिशीत शेवटी असतं ना, ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’, तिथं काहीही स्फुरलेलं नसतं. तिसऱ्या मजल्यावरचे काका ते गळकं छत वर्षभर मनात धरून बसलेले असतात.

आणि एक शब्दप्रयोग असा की जो तुमच्या कामाला कुणी लावू नये: ‘वेळ मारून नेली’. उत्स्फूर्त आणि वेळ मारून नेणं यांत फरक कसा ओळखायचा, ते पायरी 6 मध्ये कपबशीच्या गोष्टीत येईल.

वाक्यात वापरताना: ‘उत्स्फूर्तपणे बोलली’, ‘त्याची उत्स्फूर्तता’, ‘उत्स्फूर्त वक्तृत्व स्पर्धा’. ‘उत्स्फूर्तरीत्या’ व्याकरणात बसतं, कानाला सरकारी लागतं.

पायरी 3: दोन महिने नुसते बघा, पण कान उघडे ठेवून

मुंबईत याला काही कमी नाही. दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत, पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे. एकच विनोदी नाटक दोनदा बघा, पंधरा दिवसांच्या अंतरानं. बाल्कनीचं तिकीट काढलंत तरी चालेल. पहिल्या वेळी हसून घ्या. दुसऱ्या वेळी वही घेऊन बसा आणि जे वाक्य मागच्या वेळी नव्हतं ते टिपा. तुमच्या लक्षात येईल की कसलेला नट ॲडिशन कुठंही घेत नाही. कथानक पुढं सरकवणाऱ्या वाक्याला तो हात लावत नाही. तो जागा शोधतो ती हशा ओसरत असताना, किंवा कुणी आत गेलेलं पात्र बाहेर यायचं असताना.

नायगावच्या चाळीतून आलेल्या दादा कोंडक्यांचं नाव इथं घ्यावंच लागतं. वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य 1965 मध्ये आलं, आणि त्यात दादा ताज्या घडामोडींवरच्या कोट्या पेरत राहिले, म्हणून एकच नाटक लोक पुन्हा पुन्हा बघायला जायचे. घाट तमाशाचा होता, आणि तमाशाच्या घाटात अशा पेरणीला मोकळं रान मुळातच ठेवलेलं असतं. प्रत्येक नाटकात ते नसतं. दिवाणखान्यातल्या गंभीर नाटकात मुलीचं लग्न मोडल्याच्या प्रसंगी रेल्वेच्या मेगाब्लॉकवर कोटी करणारा नट मी पाहिलेला आहे. हशा आला. त्या मुलीचं काम करणारी बाई मात्र पुढची दहा मिनिटं एकटीच नाटक करत होती.

नाट्यगृहाबाहेरही बघा. दशावतार हे कोकणातलं लोकनाट्य मुंबईत चाकरमान्यांसाठी लागतं, ते सोडू नका. तिथं लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कुणी कुठलं पात्र करायचं ते ठरतं, आणि संवाद रंगमंचावर उभं राहूनच होतात. संस्कृत वळणाची भारदस्त वाक्यं एखादा नट सलग वीस मिनिटं बोलतो, तेव्हा नवख्याला वाटतं चमत्कार आहे. चमत्कार नाही. त्यानं लहानपणापासून रामायण, महाभारत, पुराणं कानांनी प्यालेली आहेत. भांडुप-परळकडे भजनाची डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा आळीपाळीनं सामना लागतो, तोही बघा. एका बुवांनी आपल्या बारीत टोला हाणला की दुसरे बुवा आपल्या बारीत त्याची परतफेड करतात, पखवाजाचा ताल न सोडता, तेही अभंगाचा दाखला देऊन. तो दाखला त्यांच्याकडं आधी असतो. कुठला काढायचा, हे तिथं ठरतं.

पायरी 4: दोघांचा खेळ, ‘हो, आणि…’

इथपासून उभं राहायचं. जोडी करा. नियम एकच: समोरच्यानं जे सांगितलं ते खरं धरायचं आणि त्यात स्वतःचं थोडं घालायचं. इम्प्रोव्हवाले याला जगभर ‘येस, अँड’ म्हणतात, आपण ‘हो, आणि’ म्हणू.

मागच्या शनिवारची एक जोडी. पहिला मुलगा वर हात करून, कडी धरल्यासारखा उभा राहिला. म्हणाला, “काका, ही फास्ट आहे का हो?”

दुसरा म्हणाला, “नाही रे, हा दवाखाना आहे.”

सगळे हसले. आणि खेळ तिथंच मेला. पहिल्यानं कष्टानं उभी केलेली लोकल दुसऱ्यानं एका वाक्यात रुळावरून उतरवली, आता वर धरलेल्या हाताचं काय करायचं ते त्याला कळेना. नवख्यांची ही सगळ्यात मोठी चूक. हशा मिळतो, म्हणून ती चूक वाटतच नाही.

परत करायला लावलं. “काका, ही फास्ट आहे का हो?”

या वेळी दुसरा दोन सेकंद थांबला. मग खाली बसलेल्या जागेवरून वर बघत म्हणाला, “हो. आणि तुझ्या आईनं तुझा डबा माझ्याकडे दिलाय. रोज असाच विसरतोस.”

आता बघा काय काय मिळालं. लोकल आहे, ती फास्ट आहे, काका ओळखीचे आहेत, बहुतेक शेजारी आहेत, मुलगा विसराळू आहे, घरी आई आहे. पुढची पाच मिनिटं दोघांना काही ‘सुचवावं’ लागलं नाही. मुलानं नुसतं “काल पण तुमच्याकडेच दिला होता?” असं विचारलं आणि काकांचा चेहरा पडला. कालचा डबा काकांनी खाल्ला होता!

‘हो’ म्हणजे पात्रानं प्रत्येक गोष्टीला होकार द्यायचा असं नाही. काका डबा द्यायला नकार देऊ शकतात, भांडू शकतात. डबा आहे, हे मात्र नाकारायचं नाही. हा फरक कळायला मुलांना साधारण तीन शनिवार लागतात.

आणखी एक: भाषा आपलीच ठेवा. सांगलीच्या मुलीनं दोन आठवडे पुस्तकी पुणेरी बोलायचा प्रयत्न केला आणि प्रत्येक वाक्याला अडली. तिसऱ्या आठवड्यात रागावून “आवं काय चाललंय ह्ये!” म्हणाली आणि सुटलीच. तोंडात तयार असलेली भाषा आधी चालवा, प्रमाण भाषा संहितेच्या नाटकात करा.

पायरी 5: चिठ्ठी उचलून बोलणं

उत्स्फूर्त वक्तृत्वाची पद्धत बहुतेकांना शाळेपासून माहीत असते: चिठ्ठी उचलायची, विषय बघायचा, स्पर्धेप्रमाणे एक-दोन मिनिटं विचाराला मिळतात, मग बोलायचं. सराव घरी करा. शंभर चिठ्ठ्या करा, मोठे विषय टाळा. ‘लोकशाही’ नको, ‘जिना’ चालेल. ‘पर्यावरण’ नको, ‘बाल्कनीतलं कबुतर’ चालेल. विचाराच्या मिनिटात सुरुवात शोधत बसू नका, शेवटचं वाक्य शोधा. कुठं उतरायचं ते माहीत असलं की वाटेत फिरता येतं. गवई आलाप-तानांत कितीही लांब गेला तरी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, त्याच्या कानात वाजत असते, ही तीच गोष्ट. अडलात तर ‘तर मित्रहो’ म्हणू नका, गप्प राहा. तीन सेकंदांची शांतता तुम्हाला तासाभराची वाटते, श्रोत्यांना वाटतं की हा विचार करतोय.

पायरी 6: संहितेच्या नाटकात पदरचं घेताना

आता कपबशी. कामगारांच्या नाट्यस्पर्धेचा प्रयोग, परळमधला. कौटुंबिक नाटक. पहिल्या अंकात सून चहाचा ट्रे घेऊन येते, सासरे एक घोट घेऊन अभिप्राय देतात. त्या दिवशी प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातल्या वस्तू बघणाऱ्या पोरानं ट्रे भलत्याच विंगेत ठेवला. सुनेची एंट्री आली, ती क्षणभर आत घुटमळली आणि मोकळ्या हातांनी स्टेजवर गेली. मी विंगेतून बघतोय, संहितेत पुढचं वाक्य आहे “वा, चहा फक्कड झालाय.”

सासऱ्यांचं काम करणारे अण्णा मुरलेले. सुनेच्या हातांकडे बघून म्हणाले, “का गं सुनबाई, दूध फाटलं?”

ही ॲडिशन उत्तम. दूध फाटतं, चहा होत नाही, नाटक पुढं जातं.

पण सूनबाईही जोरात होत्या. त्या म्हणाल्या, “दूध कुठलं, मामंजी! घरातले सगळे कप फुटलेत. एक म्हणून शिल्लक नाही.”

हॉल कोसळला. टाळी पडली. अण्णा हसले, प्रेक्षक हसले, विंगेत पोरं हसली. मी हसलो नाही, कारण माझ्या मांडीवर तिसरा अंक होता. तिसऱ्या अंकात धाकटा मुलगा घर सोडून जाताना संतापून हातातला कप भिंतीवर आपटतो, आई एकेक तुकडा वेचते, आणि त्यावर पडदा पडतो. सगळं नाटक त्या कपासाठी लिहिलेलं.

विंगेतून मी खुणा करत होतो. कुणी बघितलं नाही. तिसरा अंक आला, धाकट्यानं कप उचलला, आणि पाचव्या रांगेतून कुणीतरी स्पष्ट म्हणालं, “अरे, हा कुठनं आणला?” आई तुकडे वेचत होती आणि हॉल खिदळत होता. त्या वर्षी आमचा नंबर आला नाही.

दोन्ही वाक्यं तितकीच ऐनवेळची. अण्णांना सगळं नाटक पाठ होतं, सगळ्यांची वाक्यं पाठ होती, त्यामुळं त्यांच्या तोंडून निघालं ते पुढच्या कशालाच धक्का लावणारं नव्हतं. सुनेला फक्त स्वतःचं काम पाठ होतं. तिनं वेळ मारून नेली.

तेव्हा नियम असे, मी मुलांना सांगतो ते. आपलं नाही, सगळं नाटक पाठ करा, मगच पदरचं घ्या. ॲडिशननं नवी वस्तू, नवा नातेवाईक किंवा नवी तारीख नाटकात आणायची नाही. समोरच्याचं क्यूचं वाक्य खायचं नाही: कितीही फिरा, पण शेवटी संहितेतलाच शब्द द्या, कारण त्याच शब्दावर प्रकाशवाला आणि आत उभा असलेला नट टपून असतात. समोरच्याच्या हशावर बोलायचं नाही. आणि स्पर्धेत जपून, तिथं वेळ मोजतात.

यात कायद्याचीही एक बाजू आहे. महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते, आपण ज्याला बोलताना ‘सेन्सॉर’ म्हणतो ते. तुमचं पदरचं वाक्य त्या मंजूर कागदावर नसतं. साध्या कोटीसाठी कुणी मागं लागत नाही, पण एखाद्या व्यक्तीवर, जातीवर, धर्मावर बोलून बसलात तर निस्तरायला निर्माता आणि दिग्दर्शक जातात. त्यामुळं तसल्या हशाचा मोह नको.

पायरी 7: प्रयोग संपल्यावर

मेकअप उतरवायच्या आधी दिग्दर्शकाला आणि शक्य असेल तर लेखकाला जाऊन सांगा: आज अमुक जागी हे वाक्य घेतलं. ठेवायचं की काढायचं ते त्यांना ठरवू द्या. ठेवायचं ठरलं तर ते संहितेत लिहून घ्या आणि पुढच्या तालमीला सगळ्यांना ऐकवा. पुढच्या प्रयोगात ते अगदी आत्ता सुचल्यासारखं म्हणायचं, हे काम पहिल्या वेळेपेक्षा अवघड. चाळीसाव्या प्रयोगाला जमलं तर मला बोलवा, मी तिकीट काढून येईन.

संहितेत हे टिपून ठेवायचं काम प्रॉम्प्टरचं. मी पेन्सिलनं लिहायचो, म्हणजे खोडता यायचं. त्या कौटुंबिक नाटकाची प्रत अजून माझ्याकडे आहे. पहिल्या अंकात, चहाच्या पानावर, कडेला अण्णांचं दूध लिहिलेलं आहे. त्याखाली दोनदा अधोरेखित केलेलं: ‘कप फुटलेले नाहीत.’